जाळरेषा आराखड्यात घाला

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार बऱ्याच गावांतून आली आहे. वाडीच्या वरच्या अंगाला वणवा अडवणारी जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला पट्टा, मारायला ग्रामपंचायतीकडे पैसे मागितले की ‘अशा कामाला हेड नाही’ असे उत्तर मिळते. कुठे वन खात्याकडे बोट दाखवतात. वन खाते आपल्या हद्दीत जाळरेषा काढते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे बहुतेक मालकीचे, तिथे ते काढणार नाही. म्हणजे गोठे, मांगर आणि कलमे राखायला बागायतदार एकटा.

रोजगार हमीत तर हे काम नियमानेच अडत आले. 2005च्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, मोजता न येणारी आणि पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे घेऊ नयेत, असे होते आणि उदाहरण गवत काढण्याचेच दिले होते. खोटी हजेरीपत्रके रोखायला हा नियम ठीक असेल. पण राज्याच्या रोजगार हमीतून 1990पासून वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला आणि त्याच बागेभोवती पंधरा फुटांचा पट्टा साफ करणे हे मात्र काम ठरले नाही! पट्ट्याला लांबी-रुंदी असते, टेप लावून मोजता येतो. दरवर्षी करावा लागतो, कारण गवत दरवर्षी वाढते. जळलेल्या कलमाच्या जागी नवे लावून ते धरते व्हायला सात-आठ वर्षे जातात. ते नुकसान कोणत्या मोजमाप पुस्तिकेत चढते, हे तांत्रिक सहायकांनी आम्हाला सांगावे.

ग्रामपंचायतीचे ‘हेड नाही’ हे उत्तर मात्र आम्हाला मान्य नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला 40 टक्के अबंधित होता. पगार आणि आस्थापना खर्च सोडून, अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत गावाला जी गरज वाटेल तिथे तो खर्चता येत होता. शेती आणि सामाजिक वनीकरण त्या विषयांत आहेत. शिवाय स्वनिधी आहेच. पेव्हर ब्लॉकला सापडणारा पैसा जाळरेषेला सापडत नाही, कारण जाळरेषा कुणी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मागितलेलीच नसते.

आणि इथे आपल्याच लोकांना बोलायला हवे. ग्रामसभेला 100 किंवा 15 टक्के मतदार, यांतले जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि मोहोराच्या फवारणीवर तासन्‌तास बोलणारे आमचे सभासद त्या दिवशी घरी असतात. स्वतःची बेणणी करून बांधापलीकडचे रान तसेच सोडणारेही आहेत. मुंबईकर भावकीची जमीन असेल तर ते रान कमरेएवढे वाढते आणि फेब्रुवारीत पहिला भडका तिथूनच येतो.

बागायतदारहो, पुढच्या वर्षाचा आराखडा ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या सभांत ठरतो. या सभांना जा. अर्ज आधी लेखी द्या, पोच घ्या. वाडीनिहाय लांबी, रुंदी, गट क्रमांक आणि मजुरीचा अंदाज सोबत जोडा. ठराव इतिवृत्तात उतरला की नाही ते तिथेच वाचून पाहा. चाकरमान्यांनी आपल्या जमिनीतून पट्टा काढायला संमतीपत्र आजच पाठवावे.

यंदाचा पट्टा मात्र वर्गणीतून मारावा लागेल. भातकापणी उरकली की ग्रासकटर बाहेर काढा. घराभोवतीचा पातेरा ओढा, पन्हळी साफ करा आणि गवताच्या उडव्या भिंतीपासून दूर हलवा.