भरताचा भाव किती?

दोस्तांनो, थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात. बामणोदच्या हिरव्या, जाडजूड वांग्यांची चव तर न्यारीच! जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आता समजा, स्काउट-गाइडच्या 'खरी कमाई'त तुम्हा चौघांना भरीत-भाकरी विकायचीय. एका द्रोणाचा भाव काय लावाल?

वांगी ५ किलो, ४० रुपये किलोने २०० रुपये धरू. पण भाजून साल-देठ काढल्यावर उरतील साडेतीन किलोच! मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल मिळून १५०. हे घरच्या डब्यातून आणलं तरी हिशेबात धरायचं बरं का! नाहीतर कमाई तुमची नि खर्च आईचा. भाजायला कपाशीच्या काड्या शेतातल्या, तेवढ्या फुकट. द्रोण आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ १३०. झाले ४८०.

फोडणीसकट भरीत ४ किलो, म्हणजे १०० ग्रॅमचे ४० द्रोण. एक पडला १२ रुपयांना. मग १५ ला विकावा? थांबा! सहा द्रोण उरले तर? ३४ चे येतील ५१०. नफा ३० रुपये, वाट्याला साडेसात. भाजण्या-ठेचण्यात चार तास गेले, त्याचे एवढेच? २० ला विकले तर येतील ६८०, म्हणजे प्रत्येकी ५० रुपये.

शेजारच्या स्टॉलवर १२ ची पाटी दिसली तर घाबरू नका. त्यांच्या द्रोणात भरीत किती, ते आधी बघून या. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र उरलेले सहा द्रोण १० ला खुशाल द्या. खर्च केव्हाच निघालाय, ते ६० रुपये वरचे!