डब्यात न मावणारं औषध

आईच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी तुम्हीच भरता का? बीपीची गोळी, कोलेस्ट्रॉलची गोळी, सगळं कप्प्याकप्प्यांत नीट असतं. पण तिला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल आणि दर चार आठवड्यांनी सलाइनमधून बायोलॉजिक औषध मिळत असेल, तर ते या डब्यात कुठेच दिसत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी 'काय काय चालू आहे?' विचारलं की आपण डबा उघडून दाखवतो, आणि ते सांगायचं राहूनच जातं.

घोळ इथेच होतो. टोसिलिझुमॅबचंच बघा. आमवातात सूज वाढवणारं आयएल-६ नावाचं प्रथिन शरीरात जास्त तयार होतं, हे औषध त्याला अडवतं आणि सांधे मोकळे होऊ लागतात. पण आयएल-६ आणखी एक उद्योग करत असतं. औषधं मोडणारी यकृतातली काही एन्झाइम्स ते दाबून ठेवतं. ते अडलं की ही एन्झाइम्स पुन्हा जोमाने कामाला लागतात. टोसिलिझुमॅबच्या एकाच डोसनंतर आठवड्याभरात आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातलं सिम्वास्टॅटिन ५७ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. म्हणजे साधारण निरोगी माणसात असतं तेवढ्यावर आलं. आधी सुजेमुळे ते जास्त साठत होतं. अटोरवास्टॅटिनही मुख्यतः त्याच एन्झाइमने मोडतं, रोसुवास्टॅटिनचा मात्र त्याच्याशी फारसा संबंध नाही. सगळ्याच बायोलॉजिक औषधांचं असं होत नाही, म्हणून नुसतं 'सांध्यांचं इंजेक्शन' म्हणून भागत नाही, नाव सांगावं लागतं.

त्यात टोसिलिझुमॅबनंतर रिपोर्टमध्ये कोलेस्ट्रॉलचा आकडाही वाढू शकतो. मग घरात ठराव होतो, 'हे इंजेक्शनच बंद करा!' थांबा. आमवात भडकलेला असताना कोलेस्ट्रॉल मुळात फसवं कमी दिसतं, आणि हृदयविकाराचा धोका हा आजार स्वतःच सुमारे दीडपट करतो. इंजेक्शन मनाने बंद केलं तर सूज परत येईल, गोळी बंद केली तर हृदयाचं संरक्षण जाईल. गोळीचा डोस वाढवायचा की गोळी बदलायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. औषध सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करतात. यकृताच्या तपासण्याही चुकवू नका, कारण दोन्ही औषधांनी एसजीपीटी वाढू शकतं.

आणि आई 'अंग दुखतंय' म्हणाली, तर सांधे दुखतात की मांड्या-दंडांचे स्नायू, ते विचारा. स्नायूंचं दुखणं गोळीमुळेही असू शकतं. सोबत लघवी गडद रंगाची होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या रविवारी डबा भरताना झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. त्यावर इंजेक्शनचं नाव आणि मागच्या डोसची तारीख लिहा. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा डॉक्टरांना तीही दिसेल.