शब्दांची यादी कोणी करायची?

लेक्चरच्या रेकॉर्डिंगवरून लेखी टिपण काढून देणाऱ्या ॲमेझॉन ट्रान्सक्राइबसारख्या सेवांना आपल्या विषयाचे खास शब्द आधी कळवता येतात. यादीची मर्यादा फक्त ५० केबी! म्हणून अख्ख्या पुस्तकाची सूची त्यात ओतायची टूम मला पटत नाही. कंपनीही म्हणते, सेवेला ओळखता येत नाहीत तेवढेच शब्द घाला. जोडनाव असेल तर मध्ये हायफन, रेनॉल्ड्स-नंबर असं.

आता कुठला शब्द चुकला हे कळणार कोणाला? लेक्चरला बसलेल्यालाच ना! प्रॉक्सीवाल्यांची इथे पंचाईत. तेव्हा हे काम लॅबवाल्यांवर न ढकलता विषयागणिक वर्गानेच करावं. ऐकू कमी येणारा आपला एखादा मित्र त्याच कागदावरून परीक्षा देणार. तिथे ‘लाप्लास’चं ‘द प्लेस’ झालं तर त्याने काय समजायचं?