खांद्याला पेलेल तेच घ्या



औंधच्या आमच्या मुलामुलींनी वर्गणी काढून डीएसएलआर कॅमेरा घेतला. मिरवणुका, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी टिपायच्या आहेत. अशा चित्रणाचे मोल मोठे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जण बळी गेले. त्यानंतर आनंद पटवर्धनांनी १४ वर्षे चित्रण केले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. चित्र राहिले, म्हणून साक्ष राहिली.

पूर्वीचा मोठा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावरच बसे. डीएसएलआर हातात पुढे धरावा लागतो, म्हणून चित्र थरथरते. त्यासाठी ‘शोल्डर रिग’ मिळते. ती घेताना नुसती किंमत पाहू नका. आपला कॅमेरा, आपली लेन्स दुकानात न्या. रिग खांद्यावर चढवून मुठी क्षणभर सैल करा. कॅमेरा पुढे झुकला, तर मागे वजन जोडायची सोय हवी; नाहीतर सगळा भार मनगटांवर येतो. गादी खांद्याला रुतू नये. नळ्या १५ मिलिमीटरच्या असाव्यात, म्हणजे पुढे सुटे भाग सहज जोडता येतात. लांबलचक भाषणाला मात्र ट्रायपॉडच बरा.

आणि दुकानात मुलींनाही न्या. मुठी व गादी मागेपुढे सरकणारी असेल, तरच रिग त्यांच्याही खांद्याला बसेल. वर्गणी सगळ्यांची आणि कॅमेरा मात्र मुलांचाच, असे आपल्या घरात तरी होऊ नये.

जय भीम!