मृगाची वाट पाहू नका, अडेनियमची कुंडी चैत्रातच बदला

ठाण्याच्या नौपाड्यात झाडे लावण्याचा मुहूर्त अजून मृग नक्षत्रावर चालतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, पहिल्या सरी येतात आणि गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णुनगरच्या घराघरांतून कुंड्या उलट्या होऊ लागतात. जास्वंदीच्या फांद्या खोचल्या जातात, कढीपत्ता मोठ्या कुंडीत जातो, मोगऱ्याची माती बदलते. कोकणपट्टीने ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडवली आहे आणि या झाडांपुरती ती बरोबरच आहे. सरकारी वनमहोत्सवही १९५० पासून जुलैतच साजरा होतो. पण याच मुहूर्तावर अडेनियमची कुंडी बदलली तर ते गणपतीपर्यंत टिकेल की नाही, याची खात्री देता येत नाही. या झाडाची माती बदलायची ती चैत्रात, ऊन चढत असताना. पावसाआधी त्याला दोन कोरडे महिने मिळायलाच हवेत.

अडेनियम नौपाड्यात इतके का दिसू लागले, हे समजण्यासारखे आहे. जुन्या तीन मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. त्यांच्या मागच्या अंगणात पारिजातक, अनंत, एखादा नारळ असायचा. आता बाग उरली ती खिडकीच्या ग्रिलमध्ये. पश्चिमेचे ऊन, तापलेले लोखंड आणि मे महिन्यात घरच्यांचा पंधरा दिवसांचा गावचा मुक्काम, एवढे सोसून वर गुलाबी-लाल फुले देणारी झाडे फार नाहीत. अडेनियम देते, कारण त्याच्या फुगीर बुंध्यात पाण्याचा साठा असतो. म्हणूनच ते गेले की घरचे बुचकळ्यात पडतात. उन्हाळा पाण्यावाचून काढलेले झाड जुलैत बुंध्याशी मऊ पडते, पाने पिवळी होऊन गळतात आणि काही दिवसांत सगळा डोलारा कलंडतो.

हे झाड मूळचे सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले आणि अरबस्तानातले. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या शोधमोहिमेतला निसर्गतज्ज्ञ पेर फोर्स्कोल याने येमेनमध्ये त्याची नोंद केली आणि कण्हेरीसारखी फुले पाहून त्याला कण्हेरीच्या वंशात घातले. जुलै १७६३ मध्ये फोर्स्कोल येमेनमध्येच तापाने वारला. त्याच मोहिमेतला कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईत पोचला. घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे आणि चित्रे करणारा तो हाच. पुढे १७७५ मध्ये मित्राच्या वनस्पतींच्या नोंदी त्याने छापून आणल्या. कण्हेर, चाफा, सदाफुली, सातवीण, करवंद ही सगळी अडेनियमच्याच कुळातली. ज्यांनी करवंदे तोडली आहेत त्यांना या कुळातला पांढरा चीक माहीत आहे. अडेनियमचा चीक मात्र विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत. त्यामुळे या झाडाची छाटणी हातमोजे घालून करावी आणि लहान मुले, कुत्री-मांजरी यांना जवळ येऊ देऊ नये.

सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात वर्षाकाठी साधारण २०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो. ठाण्यात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार. २६ जुलै २००५ या एकाच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे अडेनियमच्या माहेरी वर्षभरात पडतो त्याहून जास्त. हे आकडे पाहून पावसालाच दोष द्यावासा वाटेल, पण तसे म्हणणे अर्धवट ठरेल. ओमानमधल्या धोफारच्या डोंगरांतही अडेनियम वाढते, आणि तिथे जून ते सप्टेंबर आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे धुके आणि भुरभूर असते. तरी ते तिथे सडत नाही, कारण त्याची मुळे खडकाच्या फटीत असतात. पाणी येते आणि निघून जाते. त्याला घात करते ते थांबलेले पाणी, आणि पाणी थांबवण्याचे काम आपण भरलेली कुंडी करते.

हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे, कारण ठाण्यातल्या बहुतेक चुका इथेच होतात. भांडी घासायचा ओला स्पंज हातात धरला की थोडे पाणी गळते आणि थांबते, पण त्याची खालची कड ओलीच राहते. कुंडीतल्या मातीचेही तसेच. भोकातून पाणी गळायचे थांबल्यावरही तळाशी ओलाव्याचा एक थर अडकून राहतो. माती जितकी बारीक तितका तो थर उंच. कुंडी खोल असो की उथळ, एकाच मातीत या थराची उंची तेवढीच. म्हणून शोभेच्या उथळ कुंडीत साधी लाल माती भरली तर जवळजवळ सगळी मुळे त्या ओल्या थरातच बसतात. तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालण्याची सवय इथे कामाची नाही. त्याने ओला थर नाहीसा होत नाही, उलट वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. मुळांना हवा मिळाली नाही की ती गुदमरतात आणि पिथियम, फायटॉप्थोरासारख्या ओलाव्यात वाढणाऱ्या रोगजंतूंना वाट मोकळी होते.

रोपवाटिकेतून किंवा हातगाडीवरून घेतलेले रोप बहुधा घट्ट लाल मातीत नाहीतर निव्वळ कोकोपीटमध्ये असते. प्रवासात रोप टिकावे यासाठी ते ठीक आहे. पण लाल माती सुकली की दगड होते आणि भिजली की चिखल. कोकोपीट एकदा भिजले की ठाण्याच्या आषाढात वाळतच नाही. विकणाऱ्याने हे गिऱ्हाईकाला सांगितले पाहिजे. ‘याला पाणी कमी घाला’ एवढा सल्ला पुरेसा नाही. आभाळातून येणारे पाणी कमी घालणे कोणाच्याच हातात नसते, माती बदलणे मात्र असते.

काम अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. कुंडी बदलण्याआधी काही दिवस पाणी बंद ठेवावे, म्हणजे माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मुळे कमी तुटतात. रोप काढल्यावर जुनी माती झटकावी, गरज वाटली तर मुळे धुवावीत, आणि मग ती नीट बघावीत. बोटाने दाबल्यावर टणक लागणारी फिकट मुळे चांगली. काळपट, मऊ, साल सुटून येणारी मुळे निरोगी भाग दिसेपर्यंत कापून टाकावीत. सुरी प्रत्येक वेळी पुसून घ्यावी. बुंधा सुरकुतला असेल तर झाड तहानलेले आहे, घाबरण्याचे कारण नाही. बुंधा मऊ लागला तरच काळजी करावी. कापलेल्या जागी बुरशीनाशक पावडर लावून झाड सावलीत, वारा लागेल असे, काही दिवस उघडेच ठेवावे. चाफ्याची फांदी लावण्याआधी चीक सुकू देतात, त्यातलाच हा प्रकार आहे, आणि बहुतेक लोक नेमका हाच भाग गाळतात.

नव्या मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाड, टोकदार, पाणी न धरणाऱ्या मालाचा हवा: जाडी रेती, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, मिळाल्यास पर्लाइट. उरलेल्यात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, थोडे कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. खाडीची खारट रेती कधीच नको. नौपाड्यात सध्या पाडकामाच्या विटा सहज मिळतात, पण त्यांना चिकटलेला सिमेंटचा गिलावा काढूनच त्या फोडाव्यात. बारीक पूड चाळून टाकावी, नाहीतर तीच तळाशी बसते. कुंडी जुन्यापेक्षा इंच-दोन इंचच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मातीची कुंडी असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. रोप आधीपेक्षा किंचित वर बसवले की बुंध्याचा फुगवटा दिसतो आणि कोरडाही राहतो. पहिले पाणी पाच-सात दिवसांनी. खत महिनाभर नाही. फुले फांद्यांच्या शेंड्यांना येतात, त्यामुळे याच वेळी हलकी छाटणी केली तर शेंडे वाढतात आणि फुलेही.

चैत्राचा आग्रह याचसाठी. मार्च-एप्रिलच्या उन्हात जखमा लवकर सुकतात, उष्णतेने नवी मुळे जोमाने फुटतात आणि जून येईपर्यंत कुंडी मुळांनी धरलेली असते. हेच काम मृगात केले तर ताज्या जखमा दमट हवेत राहतात, ढगाळ दिवसांत पाने पाणी ओढत नाहीत आणि मिश्रण आठवडेच्या आठवडे ओले राहते. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली नको, आणि तिच्या बुडाखाली विटेचे दोन तुकडे असावेत.

हीच पद्धत बोगनवेलीला लावू नये, तिचा स्वभाव वेगळा. तीही कमी पाण्याची, पण तिची बारीक मुळे फार नाजूक. तिची माती झटकायची नाही, अख्खा गोळा तसाच उचलून मोठ्या कुंडीत ठेवायचा. थोड्या अडचणीच्या कुंडीत ती फुलतेही जास्त, म्हणून दर वर्षी हात लावायची गरज नाही.

आता प्रश्न सोसायट्यांचा. ग्रिलमधल्या कुंड्यांचा भार आणि खालच्या घरावर टपकणारे मातकट पाणी यांवरून होणारे वाद सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि तक्रार करणारे चुकीचे नसतात. भिजलेली माती फार जड असते आणि रोज घातलेले पाणी रोज गळते. अडेनियमच्या मोकळ्या मिश्रणात पर्लाइट असेल तर कुंडी हलकी होते, आणि मोजके पाणी लागत असल्याने टपकणेही कमी होते. ग्रिलमध्ये कुंड्या नकोत असा सरसकट फतवा काढण्यापेक्षा समितीने मार्चमध्ये एक रविवार गच्चीचा कोपरा कुंड्या बदलण्यासाठी मोकळा ठेवावा. रेती, विटा, खत एकत्र आणले तर स्वस्त पडते, आणि जाणकार आजी-आजोबा प्रत्येक सोसायटीत असतात.

उरलेल्या जुन्या मातीचे काय करायचे, याचे उत्तरही त्याच गच्चीवर आहे. एरवी ही माती बाथरूमच्या मोरीत किंवा गटारात जाते, आणि चिखलवाडी, भास्कर कॉलनी या नौपाड्यातल्या सखल भागांत दर पावसाळ्यात पाणी तुंबते तेव्हा गटारातली प्रत्येक पाटी माती नडते. बागकामाचा कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी रहिवाशांवर टाकली, मातीसाठी मात्र कोणी सोय केली नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ही माती गच्चीवर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक घातले तर काही आठवड्यांत बरेच रोगजंतू मरतात आणि ती जास्वंदीला, तुळशीला पुन्हा वापरता येते.

महापालिकेलाही यात करण्यासारखे आहे. तिच्या वृक्ष प्राधिकरणाचे ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरते आणि ठाणेकर तिथून हौसेने रोपे नेतात. कुंडी बदलण्याचा हंगाम त्याच्या मागोमाग सुरू होतो. तिथे एक टेबल, चाळलेल्या विटा-रेतीची काही पोती आणि प्राधिकरणाचे दोन माळी ठेवले, तर अडेनियम घेणाऱ्याला योग्य मिश्रण सोबत नेता येईल आणि मुळे कशी तपासायची हेही डोळ्यांनी पाहता येईल. हे येत्या प्रदर्शनातच करता येण्यासारखे आहे. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.