खडखड, टकटक की घरघर?

सकाळचे साडेसहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर गार पडलेली दहा-अकरा वर्षांची डिझेल हॅचबॅक. मालक सेल्फ मारतो, इंजिन पकडते आणि पहिले दोन-तीन सेकंद बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात कुणी साखळी हलवावी तशी खडखड ऐकू येते. मग ती विरते आणि इंजिन आपल्या नेहमीच्या लयीला लागते. अकरा वाजता हीच गाडी गॅरेजात पोहोचते तेव्हा इंजिन तापलेले असते. मेकॅनिक कान देतो, दोनदा रेस द्यायला लावतो आणि म्हणतो, "साहेब, आवाज तर काही येत नाही." जॉब कार्डवर दोन शब्द पडतात: इंजिन नॉइज.

या दोन शब्दांत मालकाने सांगितलेले जवळपास सगळे हरवते. आवाज खडखडीचा होता, गार इंजिनचा होता, तीन सेकंद टिकला आणि गेला; निदानाला लागणारा अर्धा मजकूर या चार गोष्टींत होता. पुढे जे घडते ते ठरलेले आहे. आधी इंजेक्टरवर संशय, मग टर्बोवर, मग "एकदा हे बदलून बघू". भाग बदलतात, बिल वाढते, आणि पुढच्या थंड सकाळी खडखड पुन्हा हजर. आवाज शोधणे हे स्वतंत्र, कौशल्याचे आणि मोबदल्याचे काम आहे, हे आपल्या गॅरेजांनी मानलेले नाही. गाडीमालकांनीही मानलेले नाही.

खरे तर या कामासाठी मराठीइतकी सोयीची भाषा क्वचितच सापडेल. शाळेच्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणून जे शिकवतात, त्यांचा इथे थेट उपयोग होतो. पत्र्यावर पत्रा आपटतो ती खडखड. वरच्या बाजूने, टॅपेटकडून, बारीक आणि कोरडी येते ती टकटक. खालून, क्रँकच्या बाजूने, जड आणि भरीव येते ती ठकठक; तिच्या जोडीला ऑइलचा दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवायची असते. बेअरिंग गेले की घरघर, बेल्ट घसरला की चीं, टर्बोच्या पाइपला चीर गेली की रेसबरोबर चढणारी शिट्टी. इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गळू लागला की इंजिनच्या ठेक्यावर फुस-फुस सुरू होते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखी काळी काजळी जमते. गाडीमालक हे शब्द सहज वापरतो. ते काउंटरवर गळून पडतात, कारण कार्डावर त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

डिझेलच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण हे इंजिन मुळातच बोलके. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि ज्वाळा पसरत जाते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा दाबून तिचे आकारमान सोळा-अठरा पटींनी कमी करायचे, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. फवारा पडताक्षणी पेटत नाही. सेकंदाचा एखादा हजारावा भाग मध्ये जातो. तेवढ्यात साठलेले डिझेल एकदम भडकते, दाब उसळतो आणि सगळा ब्लॉक ठोका मारल्यासारखा वाजतो. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, तेव्हापासून हा ठोका त्याला चिकटलेला आहे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली, आणि विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका महाराष्ट्राच्या शेतशिवारात ओळखीचा झाला. बांधावर बसूनही शेतकऱ्याला कळे की इंजिनवर ताण आला आहे की पाणी तुटले आहे.

मोटारींतला हा ठोका मवाळ झाला तो कॉमन रेल या इंधनफवारणीच्या तंत्रामुळे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून हे तंत्र प्रवासी गाड्यांत आले. मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक चिमूटभर फवारा सोडायचा, म्हणजे आत आधीच थोडी धग तयार होते आणि पुढचा भडका हळू चढतो. २००३ मध्ये आलेल्या फियाटच्या १,२४८ सीसीच्या मल्टिजेटमध्ये एका आवर्तनात पाच वेळांपर्यंत फवारा सोडण्याची सोय होती. हे इंजिन आपल्याकडे इतके पसरले की वाहनविषयक लेखनात त्याला भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हटले गेले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, लिनिया, पुंटो अशा वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत ते बसले. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार झाले. बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम एप्रिल २०२० मध्ये लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले. पण विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. त्या आता जुन्या झाल्या आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेल्या आहेत आणि त्यांचे आवाज येत्या काही वर्षांत वाढतच जाणार आहेत. म्हणून हा प्रश्न आजचा आहे.

कान इंजिनला लावला तरी तो फसतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, लोखंडात सुमारे ५,००० मीटर. एका टोकाचा ठोका ब्लॉकमधून, ब्रॅकेटमधून, पाइपातून धावत भलतीकडेच ऐकू येतो. चालकाच्या पायाशी वाजणारा आवाज अनेकदा पायाशी नसतोच. इंजिनचे फाउंडेशन फाटलेले असते आणि कंपन थेट बॉडीत उतरत असते. यासाठी जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावत. फिरत्या बेल्ट-पंख्यापासून जपून केले तर ही रीत आजही खोटी ठरत नाही. धातूच्या दांड्याचा मेकॅनिकचा स्टेथोस्कोपही मिळतो, आणि तो महागडा नाही.

दांडा टेकवण्याआधी थोडे गणित करावे लागते. स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो. कॅमशाफ्टचा वेग बरोबर निम्मा, म्हणजे सेकंदाला साडेसहा फेरे. एका सिलिंडरमध्ये डिझेल पेटते तेही सेकंदाला साडेसहा वेळाच. त्यामुळे मोजता येईल अशी सावकाश टकटक वरच्या मजल्यावरची, टॅपेटची किंवा एखाद्या इंजेक्टरची असण्याची शक्यता मोठी. तिच्या दुप्पट वेगाचा ठोका असेल तर नजर खाली, क्रँककडे न्यायची. कानाला हे अवघड वाटले तर मोबाइलवर रेकॉर्ड करून सावकाश वाजवावे. इतकी साधी मोजदाद केली तरी निम्मे इंजिन संशयातून बाहेर पडते.

मग एकेक भाग बाजूला काढत जायचे. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर किंवा फ्लायव्हीलवर. दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. बाहेरचा बेल्ट उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवले आणि घरघर गेली, तर ती अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, वॉटर पंप आणि बेल्टच्या पुल्या यांतल्या कुणाची तरी; इंजिन उतरवण्याचे कारणच उरत नाही. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा गंजून सुटला असेल तर तो ठरावीक रेसवरच थरथरतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की इंजिनच गेले. पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून पाहिले की तो लगेच सापडतो.

एका जुन्या सवयीबद्दल मात्र बजावून सांगायला हवे. पूर्वीच्या पंप-नोझलच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून तो सिलिंडर बंद पाडत आणि ठोका बदलतो का ते ऐकत. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नये. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास दाब असतो. कॉमन रेलमधला दाब भार पडल्यावर हजार बारच्या पुढे जातो, आणि स्लोवरही शेकड्यांत असतो. तिथून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. इथे सिलिंडर बंद करून पाहण्याचे काम स्कॅनरकडून करून घ्यावे. कोणत्या सिलिंडरच्या इंजेक्टरला किती दुरुस्ती द्यावी लागते आहे, कॅम आणि क्रँक यांचा मेळ किती सरकला आहे, हे अनेक गाड्यांत स्कॅनर दाखवतो. पण सुटलेल्या पत्र्याचा आणि फाटलेल्या फाउंडेशनचा कोड त्याच्यात नसतो. "स्कॅनिंगमध्ये काही आलं नाही" हे वाक्य तपासाचा शेवट म्हणून ऐकवले जाते, तेव्हा तपास खरे तर सुरूही झालेला नसतो.

आता त्या सकाळच्या खडखडीकडे. मल्टिजेटसारख्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा नसून साखळी असते. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. सेल्फ मारल्यावर पंप ते वर पोहोचवेपर्यंत एक-दोन क्षण जातात. टेन्शनर धड असेल, ऑइल पुरेसे असेल आणि योग्य दर्जाचे असेल तर एवढ्यात काही बिघडत नाही. पण ऑइल कमी पडले, वेळेवर न बदलल्याने काळेकुट्ट झाले किंवा साखळीच झिजून लांबली, की ती सैल साखळी तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्यांवर आपटते. तीच ती तीन सेकंदांची खडखड. दाब आला की ती मिटते, म्हणून अकरा वाजता गॅरेजात ऐकू येत नाही. दुर्लक्ष केले तर एक दिवस साखळी दात सोडते किंवा तुटते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि पुढे हेड उतरवावे लागते. दुरुस्तीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पाडणाऱ्या या आवाजाला वेळेचे भान असलेला ऐकणारा हवा असतो.

तसा ऐकणारा मिळत का नाही? मेकॅनिकला दोष देणे सोपे आहे आणि तो अर्धाच खरा आहे. गॅरेजची मजुरी ठरते ती भाग काढण्या-बसवण्यावर. कुणी दोन तास बेल्ट उतरवून, क्लच दाबून, दांडा टेकवून सुटलेला पत्रा शोधला आणि तारेने आवळून दिला, तर बिल काय लावायचे? लावलेच तर मालक विचारतो, "काही बदललंच नाही, मग पैसे कसले?" हा प्रश्न विचारणाराच पुढच्या वेळी न लागणारा इंजेक्टर विकत घेतो. नको असलेल्या भागाचे पैसे मुकाट देणारा ग्राहक अचूक निदानाचे पैसे देताना खळखळ करतो, तोवर गॅरेज भागच विकत राहणार. तपासणीचा दर वेगळा लिहिलेला असावा, तो आधी सांगावा आणि दोघांनीही तो मान्य करावा. निदान चुकले तर बदललेल्या भागाची जबाबदारी गॅरेजने घ्यावी. एवढा साधा व्यवहार झाला तरी "बदलून बघू" ला आळा बसेल.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथे मुले इंजिन खोलायला आणि जोडायला शिकतात. बिघडलेले इंजिन कसे वाजते हे मात्र त्यांच्या कानावर योगायोगानेच पडते. एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली गेली तर. हा योगायोग संपवता येतो. झिजलेली साखळी, गळका वॉशर, गेलेले बेअरिंग, सैल टॅपेट अशा प्रत्येक बिघाडाचे गार आणि तापलेल्या इंजिनवरचे आवाज ध्वनिमुद्रित करून, मराठी नावांसह, प्रत्येक आयटीआयत ठेवावेत. पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे. वाहनांचा आवाज आणि कंपने मोजण्याची प्रयोगशाळा तिच्याकडे आहे. अशा संस्थेने आणि राज्याच्या कौशल्य विभागाने मनावर घेतले तर या कामाला फार पैसा लागणार नाही. ज्यांच्या कानात ही ओळख आहे ते मिस्त्री आज वयाने पिकले आहेत, म्हणून उशीर करू नये.

आणि जॉब कार्डावर तीन रकाने वाढवायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. आवाज कसा, मालकाच्याच शब्दात. केव्हा: गार असताना की तापल्यावर, स्लोवर की चढाला, क्लच दाबून की सोडून. किती वेळ.

त्या हॅचबॅकच्या कार्डावर हे लिहिले गेले असते तर मेकॅनिकने गाडी एक रात्र ठेवून घेतली असती. सकाळी मालकाला बोलावून, किल्ली फिरवण्याआधी, डिपस्टिक काढून दाखवली असती. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली निघाले तर आधी ते नीट भरायचे, मग बॉनेट उघडे ठेवून सेल्फ मारायचा आणि सेकंद मोजायचे. त्यानंतरही साखळीच्या बाजूने खडखड आली, तरच पाना हातात घ्यायचा.