लाल शाईच्या आधी निदान

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका घरी येतात, तेव्हा चौथी-पाचवीतल्या पुष्कळ मुलांच्या मराठीच्या पानांवर उत्तरांपेक्षा लाल खुणाच अधिक दिसतात. खाली शेरा असतो : ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ मग घरोघरी एकच उपचार सुरू होतो. चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायचा. पहिल्या चार ओळी मूल शब्दाकडे पाहून लिहिते, पुढच्या सोळा केवळ हाताने. कधी कधी पाचव्या ओळीतच शब्द पुन्हा चुकतो आणि ती चूक उरलेल्या ओळींत निष्ठेने उतरते.

ताप आलेल्या प्रत्येक रुग्णाला शहाणा वैद्य एकच काढा देत नाही. तो आधी तापाचे कारण शोधतो. लेखनातील चुकांचेही तसेच आहे. त्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची मुळे निरनिराळी असतात, आणि मूळ ओळखल्याशिवाय दिलेला उपाय बहुधा वाया जातो.

हे वय महत्त्वाचे का? तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते; चौथीपासून ते वाचून शिकू लागते. परिसर अभ्यासाचा धडा असो वा गणिताचे शाब्दिक उदाहरण, सगळ्यांची वाट भाषेतूनच जाते. या टप्प्यावर चुकांची भीती बसली, तर मूल शुद्ध लिहू लागत नाही. ते कमी लिहू लागते. ‘हुरहूर’ लिहिताना कोणता उकार कुठे द्यावा याची खात्री नसलेले मूल ‘वाईट वाटले’ असे लिहून मोकळे होते. पान स्वच्छ दिसते, पण मनातला नेमका शब्द मनातच राहतो. श्रुतलेखनाच्या दिवशी सकाळी पोट दुखणे, शाळेत जाण्याची टाळाटाळ ही याच भीतीची शरीराने दिलेली सूचना असू शकते.

कानाला न कळणारी चूक

सर्वांत अधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात, आणि त्याबद्दलच मुलांना ‘नीट ऐकत नाहीस’ असे ऐकावे लागते. परंतु आजच्या बोलण्यात ‘पाटी’ या शब्दाची वेलांटी पहिली की दुसरी, हे ऐकून सहसा कळत नाही. त्यामुळे नुसत्या श्रुतलेखनाने ऱ्हस्व-दीर्घ तपासता येते, शिकवता येत नाही. ते शिकवावे लागते नियमाने आणि डोळ्याने.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम सिद्ध केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेल्या या अठरा नियमांपैकी या वयाला तीन प्रथम पुरेत. एक : शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो – पाटी, जादू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे थोडे शब्द अपवाद. दोन : शेवटचे अक्षर दीर्घ असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व – किडा, विळी, सुरी, चुना. तीन : शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ – वीट, फूल, गरीब, वकील. पहिला नियम सर्व शब्दांना लागू पडतो. पुढचे दोन मात्र मराठी वळणाच्या शब्दांसाठी आहेत. गुण, विष, पूजा, परीक्षा हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले असल्यामुळे मुळाप्रमाणे लिहायचे. ते वाचनातूनच डोळ्यांत ठसतात.

आता एक चूक बारकाईने पाहा. मूल ‘फूलाला’ असे लिहिते. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे. त्याला ‘फूल’ अचूक येते. प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते, एवढेच त्याला अजून ठाऊक नाही. अशा वेळी ‘फुलाला’ वीस वेळा लिहून घेतल्यास एक शब्द सुधारेल. त्याऐवजी फूल–फुलाला, दूध–दुधात, जीभ–जिभेवर, वीट–विटेवर अशा चार जोड्या समोर मांडाव्यात आणि ‘काय बदलले?’ एवढेच विचारावे. नियम मूल स्वतः सांगेल. मग ‘सून’ आणि ‘वकील’ या शब्दांना प्रत्यय लावायला सांगावे. हेच सामान्यरूप, हेच व्याकरण. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. पुढे ‘शरीर–शरीरात’ येथे काही का बदलत नाही, हा प्रश्न मुलाने विचारला, तर समजावे की शिकणे खरोखर सुरू झाले.

अर्थ बदलणारी चूक

‘मुलाने खाऊ आणला’ आणि ‘मुलांनी खाऊ आणला’ यांत एक अनुस्वार एकाचे अनेक करतो. ‘आजोबांनी’, ‘बाईंनी’ येथे तोच अनुस्वार आदर दाखवतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. ‘शिर’ म्हणजे मस्तक, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. अशा जोड्यांची वाक्ये मुलाकडूनच करून घ्यावीत. खूण बदलली की चित्र बदलते हे एकदा लक्षात आले, म्हणजे शुद्धलेखन ही मोठ्यांची हौस नसून अर्थाची राखण आहे, हे मुलाला पटते.

याच गटात तोडून लिहिलेले शब्द येतात : ‘घरा वर’, ‘मुला साठी’. हिंदीत ‘घर पर’ असे सुटे लिहितात. दोन्ही भाषा एकाच वेळी शिकणाऱ्या मुलाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतात, एवढा फरक दोन्ही वाक्ये शेजारी लिहून दाखवावा.

घरच्या बोलीतून आलेली चूक

ज्या घरात ‘पानी’ म्हणतात, तेथील मूल ‘पानी’ असेच लिहिणार. त्याने कानाशी प्रामाणिकपणाच केलेला असतो. येथे हसणे किंवा नाक मुरडणे सर्वाधिक घातक. कारण त्यातून मूल आपल्या आईच्या बोलण्यालाच चूक समजू लागते. ‘आपण घरी असे बोलतो, पुस्तकात असे लिहितात’ हे वाक्य पुरेसे आहे. बोली अशुद्ध नसते, वेगळी असते. आजीच्या जुन्या पुस्तकात ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसले, तर तेही चूक नव्हेत. त्या काळी तसे लिहीत असत.

शरीराकडेही पाहावे

फळ्यावरून उतरवताना अक्षरे गाळणारे, वही नाकाशी धरणारे किंवा वाचताना वारंवार ओळ चुकणारे मूल आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. वरचेवर सर्दी होणारे, कान फुटणारे किंवा सारख्या ध्वनींत गोंधळणारे मूल असल्यास कानांची तपासणी करावी. या दोन तपासण्यांपूर्वी मुलाला आळशी ठरवू नये.

काही मुलांची अडचण याहून खोल असते. तोंडी उत्तरे चटपटीत, पण लिहिताना हात अडतो. एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला जातो. अक्षरे गळतात किंवा जागा बदलतात. वर्गातील इतरांच्या मानाने वाचन फार सावकाश आणि थकवणारे होते. सराव करूनही हे महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा विचार करावा लागतो. तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही, आणि ती आईवडिलांच्या संगोपनातील दोषामुळेही होत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रीय आणि शैक्षणिक चाचण्या करून निदान होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मात्र सवलतीपेक्षाही विशेष पद्धतीने दिलेले शिक्षण महत्त्वाचे आहे, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले.

रोज पंधरा मिनिटे

घरी करण्याजोगा क्रम असा. पहिली पाच मिनिटे मोठ्याने वाचन. एक परिच्छेद पालकांनी वाचावा, एक मुलाने. पाठ्यपुस्तकच हवे असे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून याच वयाच्या वाचकांसाठी निघत आहे. गोष्ट, कोडे, क्रिकेटची बातमी, काहीही चालेल. पुढची पाच मिनिटे लेखन : आज काय घडले, त्याची चार-पाच वाक्ये. मूल लिहीत असताना मध्ये बोलू नये. लिहून झाल्यावर आधी मजकुरावर बोलावे, ‘मग त्या मांजराचे काय झाले?’ असे.

शेवटच्या पाच मिनिटांत चुका. पण सगळ्या नव्हेत. त्या आठवड्यात एकच प्रकार निवडावा. त्या प्रकारचे तीन शब्द घेऊन पाहा, झाका, लिहा, ताडून पाहा, एवढेच करावे. शब्द झाकल्यामुळे तो आठवावा लागतो, आणि आठवून लिहिलेला शब्द पाहून उतरवलेल्या शब्दापेक्षा अधिक टिकतो. एका छोट्या वहीत चुकांचे रकाने ठेवावेत : ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरे, तोडलेले शब्द. महिन्याने कोणता रकाना रिकामा राहू लागला, हे मुलालाच पाहू द्यावे. आपली प्रगती स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही. आणि एखाद्या दिवशी मुलाने अवघड शब्द योजून तो चुकवला, तर चुकीची खूण करण्याआधी, तो शब्द निवडण्याचे धाडस केल्याबद्दल त्याला शाबासकी जरूर द्यावी.